दोनशे तीस घोडे आणि रोडग्याचं जेवण

दादारावांना नमस्कार केला की ते उलट नमस्कार करत नसत, आकडे सांगत. ते आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा मी फाटकाशी जाऊन अगदी सभ्यपणे म्हणालो, "नमस्कार, मी तुमचा शेजारी." त्यांनी मला खालून वर न्याहाळलं, अंगणातल्या लाल गाडीकडे बोट केलं आणि म्हणाले, "दोनशे तीस घोडे. शून्य ते शंभर सहा सेकंदात. टॉप अडीचशे. या, च्या घ्या." त्यांचं नाव मला नंतर, चहा पिताना त्यांच्या पत्नीकडून, कमलवहिनींकडून कळलं.

गाडी जुनी, जपानी, दोन दारांची आणि जमिनीला पोट टेकलेली. मुंबईच्या कुणा हौशी माणसाची हौस फिटली आणि अमरावतीत मोटारपंपांचं दुकान चालवणाऱ्या दादारावांची सुरू झाली. टर्बो म्हणजे काय, हे त्यांनी अख्ख्या मोहल्ल्याला समजावलं होतं. "बाकी गाड्या धूर सोडून मोकळ्या होतात. हे त्याच धुराले पुन्हा कामाले लावते. रातच्या उरल्या पोळीचा सकाळी कुस्करा करतात न तुमच्या घरी? बस, थेच." मी एकदा खोचकपणे विचारलं, "पण ॲक्सिलरेटरवर पाय दिला तरी आधी काहीच होत नाही म्हणे?" तर म्हणाले, "विचार करून राह्यते थे. वऱ्हाडी हाय. आधी चूप बसते, मंग कोनाच्या बापाले आयकत नाई."

आता खरी गंमत सांगतो. ही गाडी चाळीसच्या पुढे गेलेली आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. गतिरोधक आला की दादाराव ती तिरपी करत आणि श्वास रोखून एकेक चाक उतरवत. बडनेऱ्याच्या रस्त्यावर एकदा कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. वरून ट्रॅक्टरवाल्यानं हातही हलवला. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. दादाराव शांत. "त्याले घाई हाय. आपल्याले ताकद हाय," म्हणाले.

कमलवहिनींचा मात्र या ताकदीवर मुळीच विश्वास नव्हता. त्या वरुडच्या, संत्र्याच्या बागायतदाराच्या घरातल्या. लग्नाआधी बापाचा ट्रॅक्टर चालवलेली बाई. माहेरी जायचं तर या गाडीत त्यांचे गुडघे हनुवटीला लागत, आणि परत येताना संत्र्यांची पेटी कुठे ठेवायची यावरून हमखास भांडण होई. "दोनशे घोडे हायेत म्हणता, त्यातला एखांदा तरी ओझ्याले जुंपा न!" असं त्या सगळ्यांदेखत सुनावत. विका ती गाडी, हा त्यांचा जपच होता.

हा जप त्यांच्या धाकट्या भावाच्या, अकोल्याच्या सुरेशच्या कानी गेला. तो नव्या उंच गाडीतून आला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊजी, लय आयकले तुमचे आकडे. आता दाखवा. सहा सेकंदात शंभर झाले, तर पुन्हा तोंड उघडणार नाई. नाई झाले, तर मी गाडी अकोल्याले नेऊन विकून टाकतो. चान्स एकच!" दादारावांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाले, "मंजूर."

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतले रस्ते रविवारी रिकामे असतात, रुंद आणि सरळ. तिथं चाचणी घ्यायचं ठरलं. पण मेहुणा घरी येणार, सोबत त्याचे दोन मित्र येणार, आणि त्यांना उपाशी शर्यतीला उभं करायचं? दादारावांच्या रक्तातच ते नव्हतं. रस्त्याजवळच्या एका ओळखीच्या शेतात त्यांनी सकाळपासून गोवऱ्या पेटवल्या आणि रोडगे लावले. कणकेचे गोळे निखाऱ्यात खरपूस भाजलेले, वरून तुपाची धार, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. मी कानात सांगितलं, "अहो, आधी चाचणी, मग जेवण." तर माझ्यावरच खेकसले, "पाहुन्याले ताटकळवता का बे!"

आणि मग आग्रह! ज्याला हरवायचं त्याच्याच पत्रावळीवर दादाराव रोडगे फोडून घालत होते. "घे रे सुरेश, लाजू नको. तूप घे. तुले तुह्या ताईची शपथ हाय." सुरेश मुळातच धष्टपुष्ट. जेवून उठताना त्याला दोघांनी हात दिला. दादाराव स्वतःही मागे राहिले नव्हते. वाढायला वहिनी होत्या. त्यांची त्या दिवशी चतुर्थी. मीही नुसतं ताक प्यालो, कारण माझं पित्त.

रस्त्यावर आल्यावर सुरेश ढेकर देत म्हणाला, "काट्यावर नजर ठेवाले मी आत बसतो." त्याचे मित्र म्हणाले, "आमीबी साक्षीदार." कुणाला गाडीतून उतर म्हणणं हे दादारावांना जमणारं नव्हतं. चौघं कोंबून बसले. गाडीचं पोट रस्त्याला टेकायचं तेवढं राहिलं. ती निघाली. अहो, निघाली कसली, उठली! शंभरवर काटा पोचला तेव्हा सुरेशच्या मोबाइलवर तेरा सेकंद होऊन गेले होते.

सुरेश खाली उतरून नाचायला लागला. दादाराव उतरले, खिशातल्या रुमालानं काच पुसली, आरसा पुसला, आणि किल्ली पुढे केली. "कंपनीनं आकडा काढला तवा ड्रायवर उपाशी असंन," एवढंच म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, पण ते त्यांना जमलं नाही. मला फार वाईट वाटलं.

किल्ली सुरेशच्या हातात पडायच्या आत वहिनींनी उचलली.

"ताई, चान्स एकच होता!" सुरेश ओरडला.

"शर्त गाडीची हाय का यांची? यांचा चान्स झाला. मी उपाशी हावो." त्यांनी पदर खोचला आणि माझ्याकडे वळल्या. "तुमी बसा. तुमच्यात वजनच नाई."

"अवं, पन तू तर विका म्हनत होती!" दादाराव म्हणाले.

"मी म्हनन. तो कोन म्हननारा?"

मी देवाचं नाव घेऊन बसलो, मोबाइल हातात. वहिनींनी पाय दिला. आधी काहीच झालं नाही; गाडीनं वऱ्हाडी विचार केला. आणि मग, बापा रे! कुणीतरी पाठीत लाथ घातल्यासारखा मी सीटला चिकटलो. ताक घशाशी आलं. काटा शंभरला भिडला तेव्हा मी ओरडलोच. आकडा सहाच्या अंमळ वर होता.

"वर हाय! वर हाय!" आम्ही परत येताच सुरेश माझ्या हातातला मोबाइल घेऊन नाचवत म्हणाला.

दादाराव आता भलतेच फॉर्मात आले होते. "अबे, थे वरचं तुह्या ताईच्या बांगड्या अन् मंगळसूत्राचं हाय. कंपनीच्या ड्रायवरनं पाटल्या घातल्या होत्या का?"

सुरेशच्या मित्रांनाच हसू आवरेना. सुरेशनं हात जोडले आणि पुढे गाडीचं नाव काढलं नाही. संध्याकाळी दादारावांनी त्याच्या डिकीत उरलेले रोडगे बांधून ठेवले.

त्यानंतर दादारावांच्या आकड्यांना एक शेपूट फुटलं. "दोनशे तीस घोडे. शून्य ते शंभर सहा सेकंदात, उपाशी पोटी. टॉप अडीचशे." शेपटाच्या जागी ते हळूच वहिनींकडे पाहत, आणि वहिनी "पुरे आता" म्हणून आत जात.

गेल्या हिवाळ्यात दादाराव गेले. झोपेतच गेले. माणूस कुणाला ताटकळत ठेवणारा नव्हताच. तेरवीला अंगण भरलं होतं, आणि झाकलेल्या गाडीशेजारी मी आणि सुरेश उगाच उभे होतो. कुणा लांबच्या पाहुण्यानं वहिनींना विचारलं, "आता या गाडीचं काय करता? विकून टाका, जागा अडवून राहिली."

वहिनींनी त्याला खालून वर न्याहाळलं, अगदी दादारावांसारखं.

"दोनशे तीस घोडे," त्या म्हणाल्या. "शून्य ते शंभर सहा सेकंदात." शेपटाशी येऊन त्या थांबल्या. मी खाली पाहिलं. सुरेश लहान पोरासारखा रडायला लागला.

वहिनींनी डोळे पुसले, त्याच्या पाठीवर एक धपका घातला आणि म्हणाल्या, "रडतं काहून बे? जेवला नाई न अजून? चाल, गाडी काढ. आज सगळेच उपाशी हावोत."