अजून अर्धी भाकर

यवतमाळ जिल्ह्यात अशी चूल सापडणं मुश्कील, जिच्यापुढे आमच्या आकडसासू मांडी घालून बसल्या नसतील. बायकोच्या थोरल्या बहिणीला आमच्या वऱ्हाडात आकडसासू म्हणतात, आणि सासूपेक्षा तिलाच जास्त भ्यायचं असतं. मी त्यांना ताई म्हणतो. समोरही ताई आणि पाठीमागेही ताई. पाठीमागे दुसरं काही म्हणायची माझी छाती अजून झालेली नाही. ताई सरकारच्या बालसंरक्षणाच्या कामात होत्या. ज्या लेकरांना कोणी नाही त्यांना बालगृहात पोचवायचं, जमलं तर एखाद्या भल्या घरी सांभाळायला द्यायचं, आणि ते घर खरोखर भलं आहे की नुसतं तसं दिसतं, हे वरचेवर जाऊन बघायचं, अशी ती नोकरी. राळेगावपासून महागावपर्यंत एसटीने, ऑटोने, कोणाच्या सायकलवर मागे बसून त्या हिंडत. हिंडून घरी आल्या की पाय शेकत बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायच्या.

घर बघायची त्यांची रीत काही औरच होती. बैठकीत त्या पाय ठेवत नसत. "बैठकीत मानसं फोटो काढाले बसल्यावानी बसते," म्हणत आणि सरळ मागच्या दाराने शिरत. तेही नेमक्या जेवणाच्या वेळी, न सांगता. पिशवीत स्वतःचं स्टीलचं ताट असे, आणि मॅडम जेवायलाच आल्या असं कोणी म्हणू नये म्हणून अर्धी भाकर आणि ठेचाही असे. आधी रांजणाचं झाकण उचलायच्या, मग लेकराच्या उशीचा वास घ्यायच्या, मग त्याला शेजारच्या कुत्र्याचं नाव विचारायच्या. "कुत्र्याचं नाव मालूम हाये म्हंजे लेकरू बाहेर खेळून राह्यलं, कोंडलेलं नाई." पण हे सगळं वरवरचं. खरी परीक्षा एकच. ताट मांडून त्या लेकरासमोर बसायच्या आणि ते मागून खातं का ते बघायच्या. "पोट तं कोनीबी भरन, जवाईबुवा. मागते का थे पाहा. जिथं लेकरू अजून दे म्हनते, तिथंच थ्याचं घर."

या परीक्षेला मी स्वतः बसलेलो आहे. मला बघायला मुलीकडची मंडळी आली तेव्हा मामांनी नोकरीचं विचारलं, काकांनी शेतीचं विचारलं, आणि ताई एका शब्दाने काही न विचारता माझ्या ताटाकडे डोळे लावून बसल्या. मी इतका घाबरलो की रीतभात विसरून आतल्या आईला ओरडून सांगितलं, "माय व, वांगे आन अजून!" आईचं तोंड लालेलाल झालं. ताईंनी मात्र पदर सावरला आणि जाहीर केलं, "पोरगं निर्मळ हाये. द्या पोरगी." पुढे संसारात कधी भांड्याला भांडं लागलं की मी मनातल्या मनात त्या वांग्यांना बोल लावतो. बायकोही बहुतेक तेच करत असावी.

अशा बाईला घरात कोंडायचं काम त्या साथीने केलं. ताई आमच्या वरच्या खोलीत राहत. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता, आणि त्यांचा आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. गाड्या बंद झाल्या, बाजार बंद झाले, माझी शाळा बंद झाली. बालगृहातली गर्दी कमी करा, ज्यांना कोणी आहे त्यांना घरी पाठवा, असा वरून हुकूम आला. एकेक लेकरू कोणाकोणाच्या बोटाला धरून गेलं. राहिली प्राची, दुसरीतली पोर. तिला काका नाही, मामा नाही, कोणी म्हणता कोणी नाही. ताईंनी राळेगावच्या पुढच्या एका खेड्यातलं घर शोधलं. गजाननभाऊ आणि कांताबाई, लेकीचं लग्न होऊन गेलेलं, घर सुनं पडलेलं. आधी काही महिने पोरीला सांभाळायचं, रुळली तर बालकल्याण समिती पुढचा कागद करणार. तोंडाला रुमाल बांधून जीपमधून प्राचीला तिथे सोडून आल्या, आणि दुसऱ्याच आठवड्यात निरोप आला की यापुढे घरी जायचं नाही, घरं फोनवरच्या चित्रात बघायची.

"फोनमधून उशीचा वास येते का?" ताई कडाडल्या. पण हुकूम तो हुकूम. विज्ञानाचा मास्तर घरात रिकामा बसलेला, म्हणून त्यांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नवा फोन आणला. पहिल्याच सभेत त्यांनी तो सवयीने कानाला लावला, आणि अख्खी बालकल्याण समिती अर्धा तास त्यांच्या कानातल्या कुडीशी बोलत राहिली. मी खाणाखुणा करत होतो, तर मलाच डोळे वटारले.

तिकडची तऱ्हा आणखी निराळी. गजाननभाऊंच्या घरात फोनला रेंजच नव्हती. ती मिळायची फक्त अंगणात, बैलांची बंडी उभी असायची तिथे, आणि तीही बंडीवर चढलं तर. म्हणून गजाननभाऊ पळत आत जाऊन घराचे फोटो काढून आणत आणि बंडीवर चढून आम्हाला पाठवत. पहिल्या फोटोत बैठक दिसली, आढ्यापर्यंत कापसाने भरलेली. खरेदी बंद, त्यामुळे त्या साली सगळ्यांच्याच घरात कापूस तुंबला होता, आणि त्यातल्या किड्यांनी माणसं रात्रंदिवस अंग खाजवत होती. ताईंच्या कपाळावर आठी चढली. "पोरगी निजते कुठं?" गजाननभाऊ पुन्हा पळाले. आतली खोली, शेणाने सारवलेली, कोपऱ्यात एक गादी, बाकी कापसाचं एक बोंड नाही. "अन् तुमी?" "आमी इथंच मॅडम, अंगनात, बाजेवर. घरात जागा हाये कुठं? आमाले सवय हाये खाजेची, लेकराले कायले?" ताई बराच वेळ त्या फोटोकडे बघत होत्या. घर त्यांनी तिथेच पास केलं.

मग जेवण. आता जेवायचं तर बंडीवरच. कांताबाईंनी बंडीवर गोधडी अंथरली, भाकरीचं टोपलं ठेवलं, फोन तांब्याला टेकवला. इकडे ताई आमच्या स्वयंपाकघरात स्टीलचं ताट घेऊन बसल्या आणि फोन लोणच्याच्या बरणीला टेकवला. प्राची कुठे दिसेना, म्हणून कांताबाईंनी फोन फिरवला. पोरगी बंडीच्या मागे, दोन्ही हातांत ताट धरून, ताठ उभी होती. तिच्या पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. "रोज अशीच उभी राह्यते मॅडम. बस म्हनलं तं बसते. वाढलं थेवढं खाते, ताट धुते, पालथं घालते. लय गुनाची पोर हाये." ताई तिच्याशी हसून बोलल्या, कुत्र्याचं नाव विचारलं. तिला माहीत नव्हतं. फोन बंद झाल्यावर ताट तसंच पुढ्यात ठेवून मला म्हणाल्या, "जवाईबुवा, थे रांगेत उभी हाये."

बालगृहात तिला कोणी काही वाईट केलं नव्हतं. पण एवढी लेकरं आणि वाढणारी एक पळी, तिथे रांगेत उभं राहायचं आणि मिळेल तेवढं घेऊन सरकायचं, हे आपोआप अंगात मुरतं. पोळ्यापर्यंत ताईंनी लिहून द्यायचं होतं, पोरगी रुळली की नाही. नाही म्हटलं तर ती परत बालगृहात, आणि तोवर तिथेही आजार शिरला होता. समितीतले एक गृहस्थ फार भले, ते म्हणाले, "ताई, मुलगी तक्रार करत नाही, म्हणजे रुळली. लिहून टाका." ताई म्हणाल्या, "तक्रार न करनारं लेकरू पाव्हनं असते, साहेब." मी सुद्धा चिडलो. एवढी देवमाणसं, स्वतः अंगणात निजतात, करा ना एक सही! "सही करतो," त्या म्हणाल्या, "अन् थे पोर जलमभर थ्या घरात पाव्हनी राह्यली तं? तुमी राहान का त्याले जवाबदार?"

आणि मग आमच्या घरात ते पर्व सुरू झालं, ज्याची आठवण आली की मला अजून हसू येतं आणि हसता हसता हात जोडावेसे वाटतात. ताईंनी ठरवलं, या पोरीला मागायला शिकवायचं. रोज दिवेलागणीला तिकडे बंडीवर जेवण आणि इकडे बरणीसमोर ताईंचं. मुळात या बाईचा आहार दीड भाकर. पण आता पहिली भाकर संपली की गर्जना होई, "जवाईबुवा, भाकर आना!" मी धावायचा. "अजून एक! अन् थे गरम पाह्यजे!" मी पुन्हा धावायचा. कधी लाडात मागत, कधी रुसून, कधी ताट आपटून. मग भाजीला नावं ठेवायची पाळी. "हे बेसन हाये का पानी? मीठ टाकाले विसरली काय व?" हेतू असा, की नावं ठेवली तरी माणसाला उद्या जेवायला मिळतं, हे पोरीला दिसावं. माझ्या बायकोला हा हेतू समजावून सांगितला होता, तरी एका संध्याकाळी तिच्या डोळ्यांत पाणी आलंच. "निदान अंबाडीच्या भाजीले तरी नावं ठेवू नको, बाई," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताईंनी अंबाडी सोडून वरण धरलं.

तिकडे प्राची घास हातात धरून, डोळे मोठे करून हे सगळं बघायची. बघायची, वाढलेलं संपवायची, ताट धुवायची, पालथं घालायची. ताई चौथी भाकर कशीबशी घशाखाली ढकलत. जेवण झाल्यावर जिना चढवेना, म्हणून पायरीवर बसून ओव्याचं पाणी पीत. मी म्हणालो, "ताई, तब्येतीचं पाहा." म्हणाल्या, "एका बैठकीत मागनं इसरलं असतं तं एका बैठकीत शिकवलं असतं." पोळा जवळ आला. गजाननभाऊ बैलांच्या शिंगांना रंग आणायची भाषा करू लागले, आणि ताईंचा कागद कोराच होता. एवढ्या वर्षांत ताईंना मी पहिल्यांदाच घाबरलेलं बघितलं.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यातली गोष्ट. आभाळ भरलेलं, चित्र तुटत होतं. प्राची मान खाली घालून जेवत होती, आणि तशीच ती फोनमध्ये थिजली. ताईंनी हाका मारल्या, उत्तर नाही. तिकडे आम्ही थिजलो असणार, आणि फोन बंद पडला असं त्यांना वाटलं असणार. मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात आवाज आला. चित्र तसंच, खाली मान घातलेलं, आणि प्राचीचा आवाज मात्र मोकळा, थोडा चिडका. "मोठीमाय व, भाकर दे न अजून. अन् कालच्यावानी जळकी नको देऊ!" मग त्या मोठीमायचा, म्हणजे कांताबाईंचा आवाज, "घे माय, घे. मऊ देतो तुले." आणि गजाननभाऊ कुठूनतरी हसले.

ताईंनी हातातला घास ताटात ठेवला. पदर तोंडावर घेतला. बायकोने पाठीवर हात ठेवला, तर तिचा हात धरून तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने पदरातूनच म्हणाल्या, "बंद करा थो फोन, जवाईबुवा. त्यायचं जेवन त्यायले जेवू द्या." त्या संध्याकाळी त्यांनी एकच भाकर खाल्ली. कागद लगेच लिहून झाला आणि प्राची त्या घरात राहिली. बंडीवरून पुढे जो पहिला फोन आला, त्यात तिने न विचारता सांगितलं की शेजारच्या कुत्र्याचं नाव टायगर आहे आणि तो बावळट आहे.

पुढच्या उन्हाळ्यात आजार आमच्या घरात शिरला आणि त्याने नेमक्या ताईंना धरलं. दवाखान्यात जागा नव्हती. डॉक्टर म्हणाले, वरच्या खोलीतच राहू द्या, पण खाणं सुटलं तर माझ्या हातात काही नाही. तोंडाची चव गेलेली, अंगात बळ नाही. मी ताट दाराशी ठेवायचो आणि तसंच्या तसं परत आणायचो. बायकोने भाकरी केल्या, खीर केली, अंबाडीची भाजी केली. दारातून हात जोडले, रडली. आतून एवढंच, "नको व, वास बी येत नाई." शेवटी मला दुसरं काही सुचेना, मी कांताबाईंना फोन लावला.

त्या दिवशी दिवेलागणीला वरच्या खोलीत ताईंचा फोन वाजला. मी जिन्यात उभा होतो. दार लोटलेलं होतं, पण बंडीवरचा प्राचीचा आवाज खालपर्यंत येत होता. "मॅडम, ताट घेतलं का? दाखवा. हां. आता माह्याकडं पाहा." आणि मग त्या पोरीने जो तमाशा मांडला! "मोठीमाय, भाकर आन! अजून एक! गरम पाह्यजे! हे वरन हाये का पानी? मीठ टाकाले विसरली काय व?" शब्द न् शब्द ताईंचा, ताट आपटणंसुद्धा ताईंचं. कांताबाई तिकडे खरंच वाढत असाव्यात, कारण मध्येच तोंडात घास असल्यामुळे बोलणं अडखळत होतं. मग ती थांबली. म्हणाली, "आता तुमी मागा."

मी कठडा घट्ट धरून उभा होतो, खाली बायको तव्यापाशी उभी होती. मग आतून आवाज आला, इतका बारीक की हा ताईंचा आहे यावर विश्वास बसेना.

"जवाईबुवा... अजून अर्धी भाकर."

ताटातली पहिली त्यांनी खाल्ली होती की नाही, देव जाणे. मी तो जिना कसा उतरलो आणि कसा चढलो ते मला सांगता येणार नाही. अर्धी मागितली होती, बायकोने अख्खी दिली. दाराशी ठेवली आणि मागे सरून उभा राहिलो. एक वाळलेला हात बाहेर आला आणि ताट आत गेलं. रिकामं ताट परत यायला वेळ लागला, पण आलं.

ताई बऱ्या झाल्या, निवृत्त झाल्या, आणि आता बोरी अरबला भावाकडे असतात. तिथेही गावातल्या लोकांच्या मागच्या दाराने शिरतात, असं कानावर येतं. प्राची मोठी झाली. जेवणाच्या वेळी ताईंना न सांगता फोन लावते आणि ताट दाखवा म्हणते, आणि ताई कुरकुरत दाखवतात. आमची वरची खोली रिकामी आहे. दिवेलागणीला बायको भाकरी थापत असते आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उगाच उभा असतो. परवा तिने विचारलं, "काहून उभे हा? बसा न जेवाले." मी म्हटलं, काही नाही, कोणी काही मागतं का ते ऐकत होतो. तिने तव्यावरची भाकर उतरवली आणि माझ्या ताटात अर्धी जास्त वाढली.