मी सांगत राहिलेली गोष्ट

मी देव मानत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणीतरी म्हणेल की म्हाताऱ्याला शेवटी देव आठवला. तसं झालेलं नाही. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि माझं म्हणणं तिशीत जे होतं तेच आजही आहे. पण एका माणसाबद्दल मी पंचवीस-तीस वर्षं जे सांगत आलो ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्यातली बहुतेक वर्षं मला माहीत होतं. ते लिहून ठेवायचं आहे.

मी मूळचा शहाद्याकडचा, कापूस-केळीच्या मुलखातला. नोकरी मात्र नवापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत केली. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढायची, दोन-चार पाडे गाठायचे आणि लोकांना समजावायचं, एवढाच माझा छंद. साप चावला तर भगताकडे जाऊ नका, कावीळ उतरवून घेऊ नका, बाईला डाकीण म्हणू नका. त्या भागात ख्रिस्ती घरंही बरीच. त्यांनी भगत सोडला होता, हे मला आवडायचं. पण मी त्यांना म्हणायचो, "एका दारातून सुटलात आणि दुसऱ्या दारात शिरलात."

एकदा एका शेतकऱ्याने मला हसत हसत विचारलं होतं, "सर, तू कोणाच्याच दारात नाही. मग पाऊस आला की उभा कुठे राहतो?"

आमच्याकडच्या आदिवासी माणसाला मराठी बोलताना 'तुम्ही' लागत नाही. सरांना तू, तहसीलदारालाही तू. हा शेतकरी त्याच्या पाड्यावरच्या सात-आठ ख्रिस्ती घरांपैकी एका घरातला. त्याची मुलगी आमच्या शाळेत सहावीत होती, वसतिगृहातच राहायची. वर्गात सगळ्यात हुशार. हा माणूस आणि ही मुलगी, या दोघांचंच मी वाटोळं केलं.

त्याआधीच्या वर्षी एक फिरता प्रचारक त्या बाजूला येऊन गेला होता. त्याने क्षयाच्या एका रोग्याला गोळ्या फेकून द्यायला लावल्या आणि तो रोगी गेला. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे ख्रिस्ती माणूस आजाऱ्याजवळ डोळे मिटून बसलेला दिसला, की पुढे काय होणार हे मला ठाऊक आहे, असं मी धरून चालायला लागलो होतो.

पावसाळा सरत आला होता, भात निसवून लोंब्या बाहेर पडल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास मी त्या पाड्यावरून चाललो होतो. त्या शेतकऱ्याच्या अंगणात गर्दी दिसली म्हणून गाडी थांबवली. खाटेवर त्याची बायको होती. घोट्याच्या वर कापड बांधलेलं, पाय सुजलेला. सात-आठ माणसं गुडघ्यांवर बसून तिच्या अंगावर हात ठेवून प्रार्थना करत होती. नवरा डोक्याशी होता. शेतात साप चावला, एवढं एका म्हातारीने मला सांगितलं.

मी कुंपणाबाहेरून, गाडीवरूनच ओरडलो, "देव येणार आहे का इंजेक्शन घेऊन? बाई मरायला लागली आणि तुम्ही गाणी म्हणता?"

नवऱ्याने डोळे उघडले. "सर," एवढंच म्हणाला आणि उठायला लागला.

"सर काय सर! तुझी पोरगी माझ्या शाळेत विज्ञान शिकते. लाज वाटू दे."

त्याचं पुढचं मी ऐकलंच नाही. गाडीला किक मारली आणि बारा किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्राकडे निघालो. हे लोक बाईला दवाखान्यात नेऊ देत नाहीत, तिथला कोणीतरी सरकारी माणूस आणून त्यांना धाक घालायचा, असं माझ्या डोक्यात होतं. आपण धावपळ करतो आहोत, जीव वाचवतो आहोत, असं मला वाटत होतं. त्या धावपळीत माझ्या गाडीची मागची सीट मोकळी होती, हे मला दिसलं नाही. ती बाई माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये बसू शकली असती.

तासाभराने एका आरोग्यसेवकाला घेऊन परत आलो तर अंगण रिकामं. जीप आली होती, तिला चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्याकडे नेलं होतं. ती वाटेतच गेली.

तेव्हाच मला प्रश्न पडायला हवा होता. नेऊ द्यायचं नव्हतं तर जीप आली कशी? आणि त्या भागात ज्यांना दवाखाना पहिला माहीत झाला ते लोक हेच. त्यांच्यातल्या निम्म्यांचे जन्म मिशनच्या दवाखान्यातले. पण मी स्वतःला सांगितलं की माझ्या ओरडण्यानेच ते भानावर आले असतील, फक्त उशिरा.

वसतिगृहात त्या मुलीला बातमी मीच दिली. तिने विचारलं, "सर, दवाखान्यात नाही नेलं?" मी म्हणालो, "ते प्रार्थना करत बसले गं. मी सांगून आलो होतो." एवढं बोलायची काही गरज नव्हती. बारा वर्षांच्या पोरीला तिची आई गेली एवढंच सांगायचं होतं.

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि अहिराणीत एकच विचारलं, "तुम्ही त्यासले ईचारं का, दवाखानामा लई जातस का नही?"

"ईचारानं काय? दिखत व्हतं ना," मी म्हणालो.



दोनेक महिन्यांनी नवापूरहून येताना मी एका जीपमध्ये पुढे बसलो होतो. ड्रायव्हर ओळखीचा, धुळ्याकडचा. तोच म्हणाला, "सर, त्या दिनले मन्हीच गाडी व्हती. त्यासना माणूस सायकलवर नवापूरले उना, मी लगेच निंघनू. पन तुम्ही त तठेच व्हतात ना? फटफटीवर कशी नही लई गयात?"

तिला माझ्या गाडीवर का नेलं नाही, हे तो सहज विचारत होता. काहीतरी पुटपुटलो असेन. म्हणजे माणूस आधीच पाठवलेला होता. जीपची वाट पाहताना, करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून ते प्रार्थना करत होते. आपलं माणूस तडफडत असताना आपण जसे उगाच पाणी आणतो, वारा घालतो, तसं. ही चूक माझ्यासारख्यानेच करावी. भोळा भाविक तिथे आला असता तर दोन मिनिटं त्यांच्यात बसला असता आणि मग विचारलं असतं, गाडी सांगितली का?

चूक झाली ती झाली. पण त्या जीपमधून उतरल्यावर मी काय केलं, ते खरं सांगायचं आहे.

मी ती गोष्ट सांगत राहिलो. आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाच्या सभांत, शाळांत, शिक्षकांच्या शिबिरांत. आधी गावाचं नाव घ्यायचो, ड्रायव्हर भेटल्यानंतर ते सोडून दिलं. पण गोष्टीत एक वाक्य नवं आलं. "मी हात जोडून म्हणालो, माझ्या गाडीवर नेतो, पण नवरा म्हणाला, देव बघेल." हे वाक्य कधी आलं ते मला सांगता येत नाही. एका सभेत तोंडातून गेलं, लोक गप्प झाले, आणि मग ते गोष्टीतून निघालंच नाही.

भगताबद्दल बोलताना लोक जमिनीकडे पाहायचे, कारण प्रत्येकाच्या घरातलं कोणीतरी भगताकडे गेलेलं असायचं. या गोष्टीला मात्र टाळ्या पडायच्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना विज्ञानाचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना ख्रिस्ती माणूस मूर्ख ठरल्याचा आनंद होता. हे मला कळत होतं. पुढे एका डिसेंबरात शेजारच्या गावची माणसं त्या पाड्यावर प्रार्थनेच्या घरासमोर जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "बाई मारली, आता कोणाला मारता?" गावाचं नाव मी गाळलं, तरी गोष्ट आपल्या गावी परत पोचली होती. मी त्या दिवशी शाळेत पेपर तपासत बसलो होतो.

मुलीला तिच्या बापाने खरं काय ते सांगितलं होतं, जीपचं, सायकलवरच्या माणसाचं. तिने त्याला उत्तर दिलं, "सर खोटं बोलणार नाहीत." ती घरी जायची कमी झाली, दहावीनंतर गेलीच नाही. नर्सिंग केलं, सरकारी दवाखान्यात लागली, मी निवृत्तीनंतर राहायला आलो होतो त्या नंदुरबारलाच आली. तिने लग्न नोंदणी पद्धतीने केलं. बापाला बोलावलं नाही. साक्षीदार म्हणून मी सही केली. बाहेर आल्यावर तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, मला बाप तुम्हीच." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ड्रायव्हरचं बोलणं मी बायकोला सांगितलेलं होतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "आते तरी पोरीले सांगा." दुसऱ्या वर्षी बायको गेली. मी सांगितलं नव्हतं.

या वर्षी होळीनंतर ती माझ्याकडे आली. बापाला अर्धांगाचा झटका आला होता, बोलता येत होतं, चालता येत नव्हतं. त्याने पाड्यावरच्या एका माणसाबरोबर निरोप पाठवला होता की एकदा येऊन जा. ती माझ्यासमोर खुर्चीत बसली आणि विचारलं, "सर, जाऊ का? तुम्ही सांगाल तसं करीन."

मी म्हणालो, दोन दिवस दे.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने त्या पाड्यावर गेलो. तो ओसरीत खाटेवर होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"सर, तू म्हातारा झाला," तो म्हणाला.

"तू काय तरुण राहिलास?"

तो एका बाजूच्या ओठाने हसला. मी त्याला विचारलं, जे तेव्हा विचारायला हवं होतं. "त्या दिवशी तू मला काय सांगणार होतास?"

"तेच. मागे बसव तिला. मी धरून बसतो." पुढे म्हणाला, "तू किक मारली."

"तू मला कधी भेटायला का आला नाहीस? शाळेत येऊन शिव्या द्यायच्या होत्या."

"पोरगी तुझ्याकडे होती. तू शिकवत होता. भांडलो असतो तर शाळा सोडली असती तिने." मग म्हणाला, "आमच्या प्रार्थनाघराचा पाळक म्हणतो, तुला माफ करायचं. मी दर रविवारी म्हणतो, केलं. घरी येईपर्यंत टिकत नाही."

मी त्याच्यासमोर रडलो नाही. तो हक्क माझा नव्हता असं आजही वाटतं. म्हणालो, "तिला सांगतो."

"सांग," तो म्हणाला. "पण लवकर. मला लवकर पाहिजे."

परत येऊन मी तिला सगळं सांगितलं. जीप, ड्रायव्हर, सभांतलं ते वाढवलेलं वाक्य. ती नर्स आहे. आधी नर्ससारखेच प्रश्न विचारले. किती वाजले होते, सूज कुठवर चढली होती, आई बोलत होती का, पापण्या मिटत होत्या का. मला आठवेल तेवढं मी सांगितलं. "तेव्हा नेलं असतं तर वाचली असती?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हालाही माहीत नव्हतं. तरी सांगत होतात."

मग ती उठली. दाराशी जाऊन म्हणाली, "मी उद्या जाते. तुम्ही रविवारी या. सगळ्यांसमोर सांगा. आणि जिथे जिथे ही गोष्ट सांगितली तिथे तिथे सांगा."

तिथे तिथे जाणं आता माझ्याने होत नाही. त्यातल्या काही शाळा बंद झाल्या, ऐकणारे पांगले. म्हणून हे लिहितो आहे. रविवारी मात्र गेलो.

कौलारू प्रार्थनाघरात तीसेक माणसं होती. बापाला खुर्चीवर उचलून आणलं होतं. मुलगी आत आली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तीही काही मानत नाही. ते तिने माझ्याकडून घेतलेलं आहे. मी उभा राहिलो आणि बोललो. सभेत इतकी वर्षं बोललेला माणूस, पण पाच मिनिटांत सगळं संपलं.  मग पाळक पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करायला लागणार, तेवढ्यात बाप खुर्चीतून म्हणाला, "राहू दे. त्याला नको असेल."

सगळे बाहेर पडले. मुलीने आणि आणखी तिघांनी खुर्ची उचलली आणि घराकडे चालू लागले. बाप तिला काहीतरी सांगत होता, ती मान खाली घालून ऐकत होती. माझी बस दीड तासाने होती. त्या भागात मी तीस वर्षं वावरलो, माझ्या तोंडून शिव्या खाऊनही लोकांनी मला भाकर खाल्ल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्या दिवशी जेवायला थांबा असं मला कोणी म्हणालं नाही. मी फाट्यापर्यंत चालत आलो आणि बसची वाट पाहत उभा राहिलो.