पोलिएस्टरचा राक्षस

“पंद्रह मशाल काफी है,” डायरेक्टर म्हणाला.

मी तेव्हा राक्षसाच्या पाठीवरचे केस विंचरत होतो. राक्षस म्हणजे सूट आणि सूटच्या आत लोटन. कंगवा तसाच केसांत अडकवून मी विचारलं, “मशाली कशाला? राक्षस खाडीत बुडून मरतो ना?”

“स्टोरी चेंज हो गई, मिस्त्री. अब गाववाले उसको जलाएंगे.”

सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. उधन्यात एका बंद मिलमध्ये शूटिंग चालू होतं. पिक्चर हिंदी, कमी खर्चातलं, राक्षसाचं. पैसा लावणारे शेठ कापड मार्केटमधले व्यापारी. डायरेक्टर मुंबईचा. राक्षस माझा.

मी मूळचा खानदेशातला, पारोळ्याकडचा. शाळा चौथीपर्यंत. पांडेसऱ्यात डाइंग हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, वीस वर्षं काढली. हौसेने गणपती, रावण, सोंगाचे मुखवटे करायचो. त्यातून पिक्चरवाल्यांना सापडलो. मुंबईवाले माझ्या कामाला क्रीचर म्हणतात. मी राक्षसच म्हणतो. मातीचा साचा कसा काढायचा, त्यात रबर किती पातळ ओतायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. तोवर सहा राक्षस केले होते. एकाही पिक्चरात माझं नाव आलं नाही. मेकअपवाल्याचं यायचं, चहावाल्याचंही एकदा आलं.

हा सातवा होता आणि सगळ्यात चांगला होता, हे मी आजही छातीला हात लावून सांगतो. दोन महिने लागले. मच्छरदाणीच्या जाळीचा अंगरखा शिवला. लूमच्या कारखान्यातून धाग्याचं वेस्ट, म्हणजे तुटका टाकाऊ धागा, पोती भरून आणला. त्याच्या बटा केल्या आणि एकेक बट रबर सोल्युशनने जाळीला चिकटवली. पोलिएस्टरच घेतला, कारण राक्षस पाण्यातून वर येणार होता. पोलिएस्टर ओला झाला की लाइटमध्ये जनावराच्या पाठीसारखा चमकतो. सुतात ती गोष्ट येत नाही.

पण त्याला आग चालत नाही. सूत जळतं आणि राख होऊन पडतं. पोलिएस्टर वितळतो. वितळलेलं पेटतं थेंब थेंब खाली येतं आणि जिथे पडेल तिथे चिकटतं. खालून सोल्युशन, तेही पेट घेणारं. त्यात सूटची चेन पाठीला. आतल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. दोघांनी मिळून सूट उतरवायला चार-पाच मिनिटं लागायची.

मी डायरेक्टरला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “एक ही शॉट है, मिस्त्री. बाजू में पानी की बाल्टी रखेंगे.”

“पाणी येईपर्यंत कातडीला चिकटलेलं असेल.”

“तुम कितना पढ़े हो?”

“चौथी. पण पोलिएस्टर तुमच्यापेक्षा जास्त बघितलाय.”

रबराच्या तोंडातून लोटनचा आवाज आला, “नाना, करी टाका ना. एकच शॉट शे.”

लोटन माझ्याच गल्लीतला, अमळनेरकडचा. लूमवर काम करायचा. उंच, आडदांड, म्हणून मीच त्याला सूटसाठी आणला होता. घरी बायको, दोन मुली. क्लायमॅक्स केला की पुढच्या पिक्चरातही घेऊ, असं डायरेक्टरने त्याला सांगून ठेवलं होतं. त्याला लूमवर परत जायचं नव्हतं.

“तू गप बस,” मी म्हणालो. “तोंड रबराचं आहे, अक्कलपण रबराची झाली का?”

मी त्याची चेन खोलली, त्याला बाहेर काढलं, सूटची घडी घातली आणि तिच्यावर बसलो. डायरेक्टर ओरडला. कॅमेरावाला हसला. मी उठलो नाही. शेवटी मिलच्या ऑफिसातून शेठला फोन गेला.

तासाभरात शेठ आले. आल्या आल्या म्हणाले, “शुं मिस्त्री, मारी पिक्चर बंद करावी दीधी?”

मला बोलता येत नाही असं नाही, पण शेठसमोर डायरेक्टरचं हिंदी माझ्यापेक्षा जास्त चाललं असतं. म्हणून मी भांडलोच नाही. सूटच्या बाहीतून एक बट उपटली आणि शेठच्या हातात ठेवली. “शेठ, हे काय आहे ओळखा.”

मार्केटमधल्या माणसाच्या हातात धागा दिला की तो गप्प राहू शकत नाही. तिथली रीतच आहे. माल प्युअर आहे असं कोणी कितीही सांगो, व्यापारी एक धागा ओढतो, जाळतो आणि वास घेतो. सुताला कागद जळल्याचा वास येतो, लोकरीला केस जळल्याचा. शेठचं सगळं आयुष्य त्यात गेलेलं. त्यांनी बट बोटांत चोळली आणि म्हणाले, “लाव, दिवासळी आप.”

मी काडी ओढून दिली. बट आक्रसली आणि पेटली. एक जळता थेंब शेजारच्या टेबलावरच्या फाइलीवर पडला. फाइलीला भोक पडलं आणि थेंब खालच्या लाकडाला जाऊन चिकटला. दुसरा शेठच्या अंगठ्यावर पडला. शेठने हात झटकला, पण थेंब निघाला नाही. खरवडून काढला तेव्हा सालही आली.

“सो टका पोलिएस्टर,” शेठ अंगठा तोंडात घालून म्हणाले. बरोबर ओळखल्याचा आनंद तशातही दिसत होता. मग त्यांची नजर माझ्याखालच्या सूटवर गेली, तिथून लोटनवर गेली.

“अने आ माणस अंदर हशे?”

“हो शेठ. चेन पाठीला आहे.”

डायरेक्टर म्हणाला, “सर, आग के बिना पिक्चर नहीं चलेगी.”

“आग राखो,” शेठ म्हणाले. “पण माणस नी बळवो जोईए.” माणूस जळता कामा नये. मग माझ्याकडे वळून त्यांनी एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला शॉट.

एका दिवसात नवीन राक्षस होत नाही. पण मी नाही म्हणालो असतो तर मुंबईहून कोणी हो म्हणणारा आला असता. घरी गेलो. माझ्या आणि भावाच्या मिळून दोन घोंगड्या होत्या, त्या उसवल्या. लोकर पटकन पेट घेत नाही, पेटली तरी आपोआप विझते. घोंगड्यांचा अंगरखा केला, चेन पुढे घेतली. केसांसाठी ताग आणला. सोल्युशनला हात लावला नाही. माझी बायको सुमन आणि गल्लीतल्या दोघी-तिघी बायका सुईदोरा घेऊन बसल्या आणि गोधडी शिवावी तसा राक्षस शिवला. सुमन म्हणाली, “दोन महिने मला हात लावू दिला नाही. आता बरी आठवण झाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं तुरटीच्या दाट पाण्यात बुडवलं. डाइंग हाऊसमध्ये पाणी निवळायला तुरटी असायचीच. तुरटी मुरलेला ताग भडकत नाही, नुसता धुमसतो. मिलच्या गच्चीवर उन्हात वाळवला. वाळल्यावर राक्षस ताठ, तपकिरी आणि जागोजागी पांढरा पडलेला. खरं सांगतो, बघून मला रडू आलं. काळा, चमकता माझा राक्षस कोपऱ्यात पडला होता आणि मी हे सोंग घेऊन उभा होतो.

डायरेक्टर म्हणाला, “ये राक्षस है या प्याज़ का बोरा?”

एक बाही माझ्या हातावर चढवली आणि पेटती मशाल तिला लावली. दहा आकडे मोजले. धूर झाला, काळं पडलं, मशाल बाजूला घेतल्यावर विझलं. मगच लोटनला आत जाऊ दिलं. रबराचं तोंड त्याला चढवलं नाही, डोक्याला ओली लोकर बांधून वर ताग लावला. म्हणजे शॉट पाठीमागूनच घ्यावा लागणार होता. माझं केलेलं तोंड क्लायमॅक्समध्ये दिसणार नव्हतं. ते मीच ठरवलं.

गाववाले म्हणून लूमचेच कामगार होते, सुट्टी काढून आलेले. त्यांना सांगितलं होतं, मशाल दोन हात लांब ठेवा. पण कॅमेरा चालू झाला की माणसाला चेव येतो. एकाने मशाल लोटनच्या खांद्यावरच दाबली. ताग धुमसला. पाठीतून धुराचा हा एवढा लोट निघाला. मी ओलं पोतं घेऊन पुढे झालो तर डायरेक्टर ओरडला, “कोई फ्रेम में मत आना!” मी गेलोच. पण मी पोचेपर्यंत विझलं होतं. लोटन आत डरकाळ्या फोडत होता. त्याला काही कळलंच नव्हतं.

डायरेक्टर धावत आला. “मिस्त्री, वो धुआँ कैसे निकाला? क्या इफेक्ट है!”

“तुरटी,” मी म्हणालो आणि लोटनची चेन खोलली. खांद्यावर हात फिरवून बघितला. कातडी गरम झाली होती, बाकी काही नाही. लोटनला मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अजून दोन शॉट होते. सांगितलं असतं तर तो आत गेला नसता आणि पुढचं पिक्चर त्याच्या हातून गेलं असतं.

पिक्चर लागलं तेव्हा आम्ही दोघं उधन्याच्या टॉकीजमध्ये गेलो. पाट्या सरकल्या. स्पेशल इफेक्टसमोर डायरेक्टरच्या मेव्हण्याचं नाव होतं. चमकणारा राक्षस खाडीतून वर आला तेव्हा शिट्ट्या पडल्या, पण तो अर्धं मिनिट होता. शेवटी मशाली आल्या. पडदाभर पाठ, तिच्यात घुसलेली मशाल, आणि धूर. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

लोटन तेवढा खाली बसून होता. त्याने माझं मनगट धरलं होतं.

“नाना,” तो म्हणाला, “हाई कधी व्हयनं?”

“पाचनंतर,” मी म्हणालो. “बघ आता गप.”

त्याने मनगट सोडलं नाही. पिक्चर संपलं, लाइट लागले, लोक निघाले, तरी धरून होता. पुढच्या पिक्चरात तो आला, पण सूट चढवायच्या आधी त्याने बटेचा एक धागा मागून घेतला आणि स्वतः जाळून बघितला. मला वाईट वाटलं नाही. बघणाऱ्यासाठी राक्षस करतात हे खरं, पण आत शिरणाऱ्याचं माप आधी घ्यायचं असतं.