बोदाच्या वाटेनं उतरलेल्या बेबीआक्का

निपाणीच्या पेठेत बेबीआक्कांना ओळखत नाही असा माणूस शोधून दाखवा! निम्म्या गावाची झंपरं त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरींनी शिवलेली. त्यांचा शिवणाचा क्लास आणि बिऱ्हाड दोन्ही एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं बांधलेल्या घराच्या माडीवर. खाली दगडी वखार, वर सागवानी माडी, माल वाऱ्यावर राहावा म्हणून चारी अंगांनी झडपांच्या खिडक्या. मालाची एवढी काळजी घेणाऱ्या शेटजीनं माणसांसाठी जिना ठेवला तो भिंतीच्या पोटात, अंधारा आणि उभा. धन्य तो शेटजी!

आक्कांचे गुडघे गेले आणि त्या माडीवरच अडकल्या. वर्षभर जमिनीला पाय नाही. क्लासही बंद पडला.

अशात त्यांची लाडकी शिष्या रचना खालच्या वखारीत शिवणाचं दुकान काढायला निघाली. "फीत आक्काच कापणार, न्हायतर दुकान उघडायचं न्हाय," म्हणाली. आक्कांना तर जायचंच होतं, पण उतरणार कशा? घरमालकांचा नातू सुहास म्हणाला, "आक्का, मोबाईलवर बघा की."

"आणि कात्री काय मोबाईलमधनं भाईर काढू व्हय रं?"

दुकान उघडायच्या दिवशी खुर्चीत बसवून त्यांना जिन्यातनं न्यायला गेले, तर खुर्ची वरच अडकली. कशीबशी मागं ओढली. आक्का चक्क रडल्या.

तेवढ्यात जन्मभर वखारीत हमाली केलेले नागोजी वर आले. त्यांनी माडीचा रस्त्याकडचा दरवाजा उघडला. बाहेर गच्ची नाही, काही नाही, नुसती तुळई आणि तिला कप्पी. तंबाखूची बोदं, म्हणजे ती भलीमोठी पोती, इथनंच चढायची-उतरायची.

"बोदं उतरत हुती, मग आक्का न्हाय व्हय उतरायच्या?"

"मी बोद हाय व्हय वो?"

"न्हाय, बोद गप बसायचं."

नवा दोर आणला, कप्पीला तेल घातलं, आक्कांना खुर्चीला घट्ट बांधलं. खाली ही गर्दी! आक्का डोळे मिटून देवाचा धावा करत सुटल्या. अर्ध्यावर डोळे उघडले आणि ओरडल्या, "अगं बया, शेजारी सोन्याचं दुकान कवा झालं?" सगळी पेठ हसली.

फीत कापली, पेढे वाटले. दिवसभर जुन्या पोरी आक्कांना घेरून बसल्या होत्या. दिवेलागणीला सुहास वर कप्पीपाशी गेला आणि नागोजी दोर घेऊन आले. "चला आक्का, वर."

आक्का जागच्या हलल्या नाहीत.

"मी न्हाय जात. रचना, दुकानाच्या मागच्या खोलीत माझं अंथरूण टाक गं. लई दिवस माणसांवाचून काढलं."

रचनानं डोळे पुसले आणि माडीकडं बघून हाक दिली, "सुहास, आक्कांची गादी सोड रं खाली!"