तेलीबागचा बूस्टर

मृणाल आगाशे सांगलीहून लग्न होऊन लखनौला आल्या, त्याला आता दोन तपं होत आली होती. तिथल्या महानगर नावाच्या भागातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ट्रान्समिशन विभाग सांभाळत. काचेच्या फायबरमधून शहरभर जो डेटा धावतो, त्याची काळजी त्यांच्या गळ्यात. बाई फटकळ. आपलं बरोबर आहे असं एकदा मनाने घेतलं, की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायच्या नाहीत.

२०१८च्या हिवाळ्यात धनंजय नावाचा एका संशोधन संस्थेतला तरुण शास्त्रज्ञ दोन पेट्या घेऊन त्यांच्याकडे आला. मूळचा नागपूरचा, त्यामुळे पहिल्या भेटीतच ‘ताई’ म्हणू लागला. त्याला महानगरहून शहरातल्याच तेलीबागच्या एक्स्चेंजला गुप्त किल्ली पाठवायची होती. एकेक प्रकाशकण सोडायचा, आणि त्यातून दोन्ही टोकांना तोच गुप्त आकडा तयार व्हायचा. वाटेत कोणी डोकावलं तर कण बिघडतात आणि चोरी उघडी पडते. अडचण एवढीच, की त्याला रिकामं फायबर हवं होतं आणि रिकामं एकही उरलं नव्हतं.

“मग चालू फायबरवरच पाठव की,” मृणालताई म्हणाल्या.

“ताई, त्यात डेटाचा प्रकाश विखुरतो. वरातीचा बँड वाजत असताना कानात कुजबुजल्यासारखं होईल.”

“तर बँडवाल्याला सांगू, हळू वाजव.”

वरिष्ठ श्रीवास्तवजी हबकलेच. “मैडम, इस लाइन पर बैंक हैं! बंद हुई तो जवाब कौन देगा?”

“मैं दूँगी. लाइन गिरी तो मुझे इस विभाग से हटा दीजिए.”

बोलल्याप्रमाणे त्यांनी डेटा वाहून नेणाऱ्या लेसरचा प्रकाश कमी केला. डेटा नीट चालला, पण किल्ली काही तयार होईना. तिच्या अंकांतल्या चुका जशाच्या तशा. धनंजयने डोकं आपटून पाहिलं आणि शेवटी पेट्या आवरायला घेतल्या. दुसऱ्या शहरात त्याला रिकामं फायबर मिळत होतं. श्रीवास्तवजींचा चेहरा खुलला.

मृणालताई मात्र रॅकसमोरून हलल्या नाहीत. आपण प्रकाश कमी केला, तर पुन्हा भर घालतंय कोण? उत्तर डोळ्यांसमोरच होतं: बूस्टर. फायबरमध्ये शिरण्याआधी प्रकाश वाढवणारं यंत्र. आत कितीही कमी आलं तरी बाहेर ठरलेलं माप सोडायचं, हेच त्याचं काम.

आणि तो त्यांनीच बसवून घेतला होता. दहा वर्षांपूर्वी तेलीबागची केबल खोदकामात तुटून, सांधून सांधून पार खिळखिळी झाली होती. मृणालताईंनी दिल्लीशी भांडून बूस्टर आणला, लाइन सुधारली आणि एक्स्चेंजमध्ये त्यांच्या शब्दाला वजन आलं. पुढे नवी केबल पडली, बूस्टरची गरज संपली, पण त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. त्यांचीही नाही. आता तोच काढायचा होता. खोटं कशाला सांगायचं, क्षणभर त्यांना वाटलं, जाऊ दे या पोराला दुसरीकडे.

मग त्या वळल्या. “धनंजय, पेट्या उघड.”

त्यांनी बँकांचा डेटा दुसऱ्या मार्गाने वळवला, बूस्टर काढला, लाइन सरळ जोडली आणि डेटा कमी प्रकाशावर परत आणला. श्रीवास्तवजी फोनकडे टक लावून बसले होते. फोन वाजला नाही. तेलीबागहून निरोप आला, डेटा स्वच्छ येतोय. धनंजयच्या स्क्रीनवर चुकांचा आकडा उतरू लागला, उतरतच गेला, आणि किल्लीचे अंक धडाधड जमू लागले.

“हो गया?” श्रीवास्तवजींनी दबक्या आवाजात विचारलं.

“हो रहा है, सर. उसी लाइन पर, बैंकों के साथ.” मृणालताईंना इतका आनंद झाला होता की तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

धनंजय तर हवेतच होता. “ताई, एवढ्याशा अंतराला हा बूस्टर बसवला होता कुठल्या शहाण्याने?”

“मी. तेव्हा लाइन त्याच्यावरच उभी होती.”

त्याने जीभ चावली. मृणालताईंनी बूस्टर उचलला. अजून गरम होता. साडीच्या पदराने त्यावरची धूळ पुसून त्यांनी तो त्याच्या हातात दिला.

“स्टोअरमध्ये नेऊन ठेव,” त्या म्हणाल्या. “जपून ने.”