बारा झाडांचा ताण

अकोल्यात तीस वर्षं मी मुलांना पेशी शिकवली. वय वाढलं की पेशीभित्तिका ताठर होते, तंतुकणिका थकतात, दुरुस्ती रेंगाळते. म्हणून कोवळी पेशी सोसते तो ताण जुन्या पेशीला सोसवत नाही. हे मी इतकं रंगवून सांगायचो की मागच्या बाकावरचेही जागे व्हायचे. निवृत्त होऊन वरूडकडच्या मळ्यात राहायला गेलो आणि पहिल्याच हिवाळ्यात ही सारी विद्या मातीत घातली.

आमच्याकडे संत्र्याला फूल यावं म्हणून आधी त्याचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल झाली की पाणी सोडायचं, मग झाड फुलतं. त्या वर्षांत विहिरी खाली गेलेल्या, आजूबाजूच्या बागांवर कुऱ्हाड चाललेली. आपली बाग आपण शास्त्रानं तगवून दाखवू असा मला चेव चढला होता. घरालगतची बारा झाडं बायकोनं लग्नाच्या वर्षी लावलेली. शेजारचे बागवान चाचा दोन मळ्यांमधल्या धुऱ्यावरून म्हणाले, "सर, ये बुढे झाड हैं. इनको पंधरा दिन बस हुआ."

मी चाचांना परासरण समजावून सांगितलं. बायको म्हणाली, "माह्या झाडायले तरी सोडा." तिलाही समजावलं. ती ऐकून घेऊन भांडी घासायला गेली. मी जुन्या झाडांनाही बागेतल्या नव्या झाडांइतकाच, पुरता दीड महिना ताण दिला. स्वतः दोन बादल्या उचलल्या की खाटेवर आडवा होत होतो, तरी डोक्यात उजेड पडला नाही.

माघात त्या बारांतली अकरा झाडं अशी फुलली की पान दिसेना. मी चाचांकडे पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा हातातच धरला. "मरता झाड ऐसाच फुलता है, सर." मला वाटलं, जळतात मेले माझ्यावर. घरामागचं बारावं तेवढं हिरवंगार, फूल एकही नाही. त्याला मी नापास केलं. वर बायकोला म्हटलं, "तुह्यासारखंच हट्टी हाय हे."

चैत्रात फळं गळाली. वैशाखात फांद्या शेंड्यांकडून वाळत आल्या. मग मी धावत धावत पाणी ओतलं, पण ते प्यायला झाडांत कोणी उरलं नव्हतं. मृगापर्यंत अकराही झाडांचं सरपण झालं. मला तोंड वर करून बायकोकडे बघवेना.

एक दिवस ती बाराव्या झाडाखाली तुरीची डाळ निवडत बसली होती. बुंध्याशी भांडी घासल्याचं पाणी साठवायचा तिचा पितळी गुंड होता, आणि आळं ओलं. हिवाळाभर, दुपारी माझा डोळा लागला की, ती हे पाणी त्याला घालत आली होती.

"मंग समद्यायले काहून नाही घातलं?" मी विचारलं.

तिनं सुपातून मान वर केली नाही.

"समद्यायले घातलं असतं त तुमाले समजलं असतं. मंग हेही गेलं असतं."