यमुनाताईंची वडी

यमुनाताई काळमेघ आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. जयपूरच्या या मानसरोवर भागात मराठी घरं आहेत तशी, पण आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही दोघीच. आम्ही बँकेच्या बदलीची माणसं, आज इथे तर उद्या कुठे. त्या मात्र इथल्याच झाल्या. मूळच्या अमरावतीच्या. यजमान रंगनाथराव विमा कंपनीत होते. त्यांची शेवटची बदली जयपूरला झाली, पुढे मुलालाही इथेच नोकरी लागली, म्हणून फ्लॅट घेतला. मुलाचं लग्न झालं, नात झाली, आणि मग रंगनाथराव गेले.

मुलगा अमेय, सून सोनल आणि नात कीर्ती वैशाली नगरला राहतात. सोनल जयपूरचीच. तिचं ऑफिस तिकडे, कीर्तीची शाळा तिकडे. एकाच गावात सगळे असताना एकटेपण कसलं, असं कुणीही म्हणेल. मीही आधी म्हणायचे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी अमेय म्हणाला होता, "आई, आमच्याकडेच ये आता राहायला."

यमुनाताई म्हणाल्या, "कशाला रे? मी बरी आहे इथे. तुम्हाला उगीच दगदग."

आपल्याकडे पहिल्या वेळी हो कोण म्हणतं? पाहुणासुद्धा पहिल्या आग्रहाला ताटावर हात आडवा धरतोच. पण अमेयचं सगळं शिक्षण बदल्यांच्या गावी, हिंदी मुलांत झालं. तो "बरं" म्हणाला आणि विषय तिथेच मिटला. पुन्हा त्याने विचारलं नाही आणि यमुनाताईंनी विषय काढला नाही. रविवारी येतो, औषधं देतो, उभ्याउभ्या चहा पितो आणि जातो. मुलगा वाईट नाही हो. घाईत असतो.

मागच्या दिवाळीनंतर तो कीर्तीला घेऊन आला होता. पोरीच्या हातात चकचकीत कागदातली एक वडी होती. सुक्या मेव्याची, दुकानातली. शाळेत मधल्या सुट्टीत तीच खाते म्हणाला. यमुनाताईंनी चष्मा लावून कागद वाचला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "सुधा, त्यात मेवा नावाले आहे, बाकी साखर. यापेक्षा मी चांगली नाही का करणार?"

"करा की."

"तिले आवडली तर ती मागेल. मागेल तर न्यायले येईल. नाताळाची सुट्टी आहे, राहीलही चार दिवस. नाही का?"

नातीने आपणहून आजीच्या घरी राहायला यावं, एवढीच त्यांची इच्छा. त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या, मला म्हणाल्या. मला वाटतं देवाजवळही बोलल्या असतील.

वडी त्यांनी फार निगुतीने केली. बदाम-अक्रोड वेगळे भाजले, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया वेगळ्या. जवस तडतडले की काढायचे. तीळ सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून नुसत्या तापल्या कढईत. एकत्र भाजलं की तीळ जळतात आणि बदाम कच्चे राहतात. मग खजूर आणि अंजीर बारीक चिरून चमचाभर तुपावर परतायचे. त्याचा मऊ गोळा होतो, त्यातच सगळं कालवायचं. साखर नाही, गूळ नाही, पाकाची कटकट नाही. ताटाला तूप लावून थापलं, वाटीच्या बुडाने दाबून सारखं केलं आणि सवयीने तिरक्या सुरीने शंकरपाळ्यासारख्या वड्या कापल्या. पहिली वडी देवापुढे ठेवली. गुरुवार होता, आरतीला मी होतेच. प्रसाद म्हणून मला अर्धी मिळाली. खरंच छान झाली होती, खुसखुशीत आणि आतून ओलसर.

रविवारी अमेय आला. डबा हातात घेत त्याने विचारलं, "काय आहे?"

"वडी आहे. कीर्तीले दे."

"बरं," म्हणाला आणि गेला.

सोमवारी सोनलला फोन केला. फोन त्या नेहमी स्पीकरवर टाकतात, कानाला लावला की ऐकू येत नाही म्हणून. मी समोर बसून मेथी निवडत होते.

"वडी आवडली का गं?"

"जी मम्मीजी, बहुत अच्छी थी." मग जरा थांबून, "थोडी मीठी थी."

"गोडच असते ती. कीर्तीने खाल्ली?"

"हांजी, सबने खाई. वो ट्यूशन गई है, बात करवाती हूँ बाद में."

फोन ठेवल्यावर यमुनाताई म्हणाल्या, "गोड झाली म्हणते."

पुढच्या वेळी त्यांनी खजूर कमी केला. वडी सुटायला लागली, म्हणून रात्रभर वर वरवंटा ठेवला. डबा गेला, सोमवारी फोन झाला. "अच्छी थी, मम्मीजी." कीर्ती फोनवर आली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मनुका घातल्या, वरून किसलेलं खोबरं लावलं. पुन्हा "अच्छी थी". मागणी काही येईना.

त्या रविवारी डबा परत आला. घासलेला, स्वच्छ. यमुनाताईंनी झाकण उघडलं आणि माझ्या नाकाशी धरला. "वास घे."

लसणाचा वास होता. कडेला हळदीचा पिवळा डागही होता, घासून न गेलेला.

"भाजी ठेवली असेल त्यांनी," मी म्हटलं.

"मग वडी कुठे गेली? बहुतेक कामवालीला दिली असेल. नाहीतर टाकली." त्यांचा आवाज चढला नाही की भरला नाही. जिरं संपलं म्हणून सांगावं तसं बोलल्या. "तिची तरी काय चूक? त्यांच्याकडे गजक, घेवर असली मिठाई येते. ही काळीकुट्ट वडी कोण खाईल!"

"विचारा ना सरळ."

"काय विचारू? टाकली का म्हणून?"

त्यानंतर त्यांनी वडी केली नाही. बियांच्या पुड्या डब्यात तशाच राहिल्या. गुरुवारी आरतीला बसायच्या, पण आरती मीच म्हणायची, त्या टाळ्या वाजवायच्या. जेवणाचं विचारलं की म्हणायच्या, "केलंय की काही तरी." एकदा मी वर गेले तर टीव्ही मोठ्याने चालू होता आणि त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, टीव्हीकडे पाठ करून. म्हणाल्या, "चालू असला की घरात कोणी बोलते असं वाटते."

नाताळाची सुट्टी लागली. कीर्ती आली नाही.

सुट्टीतल्याच एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. बेल वाजली. दारात अमेय, कीर्ती आणि चक्क सोनल. यमुनाताई गडबडल्या. साडीचा पदर सारखा करत म्हणाल्या, "अगं, सांगून तरी यायचं. काही केलं नाही मी."

सोनल वाकून पाया पडली. "मम्मीजी, आपने वडी भेजना बंद कर दिया. नाराज हैं?"

"नाही बाई. तुमच्याकडे चालत नाही म्हणून."

"चालते!" सोनल मराठीत म्हणाली. तिला मराठी कळतं, बोलताना अडते. "पण रस्सा नीट होत नाही माझ्याकडून. सगळी वडी विरघळते. इसीलिए आई हूँ, आप सिखा दो."

यमुनाताई तिच्याकडे बघतच राहिल्या. "कसला रस्सा?"

"वडीचा. आप बनाती हैं ना? लसूण, कांदा, काळा मसाला…"

आता माझ्या लक्षात आलं. सोनल लग्न होऊन आली तेव्हा यमुनाताईंनी तिला पहिलं जेवण वाढलं होतं ते पाटवडीच्या रश्श्याचं. बेसनाच्या तिरक्या कापलेल्या वड्या आणि झणझणीत रस्सा, वऱ्हाडी पद्धतीचा. सोनलच्या माहेरी वडी म्हणजे उन्हात वाळवलेली डाळीची वडी, तीही रश्श्यातच शिजते. माहेर सांगतं वडी रश्श्यात, सासर सांगतं वडी रश्श्यात. बिचारीने तिसरीकडे कुठे घालायची?

"खजुराची वडी रश्श्यात घातलीस?" यमुनाताईंचा हात तोंडावर गेला.

"मुझे लगा मीठी ग्रेव्ही होगी. हमारे यहाँ शादियों में दाख-मेथी बनती है, किशमिश की सब्जी…"

"तिन्ही वेळा?"

"तीसरी बार नारियल था ऊपर, तो मुझे लगा अब सही है," सोनल अगदी रडवेली होऊन म्हणाली.

कीर्ती सोफ्यावर उड्या मारत होती. "दादी, पापा ने पूरा खाया! रोटी के साथ! हमने तो मॅगी खाई."

सगळ्यांनी अमेयकडे बघितलं. तो म्हणाला, "मला काय माहीत? मला वाटलं, आई, तू काहीतरी नवीन शोधलंयस. नावं ठेवली तर तुला वाईट वाटेल."

"अरे गाढवा!" यमुनाताई म्हणाल्या. "लहानपणापासून माझ्या हातचं खातोस, गोड वडी आणि तिखट वडी कळत नाही तुले?"

"कळलं ना. म्हणून तर पाणी पीत पीत खाल्लं."

मग जे हसू आलं ते थांबेना. सोनल हसता हसता डोळे पुसत होती. यमुनाताईंनी उठून बियांचे डबे काढले आणि सोनलला कढईपाशी उभं केलं. तासाभरात ताट थापून झालं. देवापुढे एक वडी ठेवून झाल्यावर कीर्तीच्या हातावर एक ठेवली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

तिने चावून चावून खाल्ली. म्हणाली, "दाँत में चिपकती है." मग म्हणाली, "ठीक है. एक और दो."

ते निघायला लागले तेव्हा दाराशी यमुनाताई चपलांकडे बघत म्हणाल्या, "हिले राहू दे ना माझ्याकडे. दोन दिवस."

अमेय बूट घालता घालता थांबला. "आई, तूच म्हणाली होतीस ना, दगदग नको."

"ते तेव्हा म्हटलं होतं. आता हे म्हणते."

अमेयने सोनलकडे बघितलं. सोनलच म्हणाली, "मम्मीजी, कल इसकी स्केटिंग है. शनिवार को छोड़ जाऊँगी. पक्का."

शनिवारी खरंच सोडून गेली. कीर्ती पलंगावर रंगनाथरावांच्या रिकाम्या जागी आडवीतिडवी झोपली, यमुनाताईंना कडेला कसंबसं अंग टेकता आलं. सकाळी अंग दुखतंय म्हणून त्यांनी मला तीनदा सांगितलं. इतक्या आनंदाने अंग दुखल्याचं सांगताना मी कुणाला बघितलं नाही.

आता कीर्ती येते. प्रत्येक शनिवारी नाही, पण येते. कधी स्केटिंग असते, कधी कुणाचा वाढदिवस. अशा दिवशी संध्याकाळी फोन येतो, "दादी, आज नहीं." यमुनाताई "बरं बाळा" म्हणतात आणि फोन ठेवतात. पण तोवर त्यांनी दोघींचा भात लावलेला असतो. रविवारी सकाळी वरून फोडणीच्या भाताचा वास येतो, आणि त्यावरून मला कळतं, काल कुणी आलं नाही.